‘संपूर्ण कर्करोग तपासणी पॅकेज’: एका घरपोच रक्ततपासणी सेवेचे परीक्षण

रक्ताच्या एकाच नमुन्यातून ‘सर्व प्रमुख कर्करोगांची तपासणी’ करून देणारी पॅकेजे आता शहरांतल्या बऱ्याच पॅथॉलॉजी लॅब विकतात. महिला दिनाच्या सुमारास अशाच एका लॅबने आमच्या सोसायटीत ‘कर्करोग प्रतिबंध सप्ताह’ जाहीर केला, जोडप्यांना घसघशीत सवलत देऊ केली आणि बघता बघता निम्म्या बिऱ्हाडांनी नावे नोंदवली. मी आणि माझे यजमान त्यांतलेच. मी पन्नाशीच्या अलीकडची, ते पन्नाशी ओलांडलेले, दोघांचीही प्रकृती वरवर ठणठणीत. म्हणजे जाहिरातीत ज्यांना उद्देशून आवाहन होते ते नेमके आम्हीच. लॅबचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढचे म्हणणे एका लॅबपुरते नाही. पॅकेजांची नावे आणि किमती वेगवेगळ्या असल्या, तरी आतल्या चाचण्या थोड्याफार फरकाने त्याच असतात.

सेवा म्हणून पाहिले तर तक्रारीला जागा नाही. रक्त घ्यायला आलेला मुलगा सांगितलेल्या वेळेआधीच दारात उभा होता. त्याने हात धुतले, नवे हातमोजे घातले, सुई आमच्यादेखत पाकिटातून काढली, नळ्यांना बारकोड चिकटवून त्यांवरची नावे आम्हालाच वाचायला लावली आणि एरवी कुणाला लवकर न सापडणारी माझी शीरही पहिल्याच टोचण्यात मिळवली. संध्याकाळी अहवाल मोबाईलवर आला. या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देते. प्रश्न पुढचा आहे: इतक्या नेटकेपणाने घेतलेल्या त्या रक्तात शोधले काय, आणि ‘कर्करोग प्रतिबंध’ या शब्दांशी त्याचे नाते किती?

माहितीपत्रकावर स्त्री आणि पुरुष अशा दोन आकृत्या आहेत आणि त्यांच्या अवयवांवर बरोबरच्या हिरव्या खुणा आहेत: स्तन, अंडाशय, यकृत, स्वादुपिंड, मोठे आतडे, प्रोस्टेट. प्रत्येक खुणेमागे रक्ताची एकेक चाचणी आहे आणि या सगळ्या चाचण्या ‘ट्यूमर मार्कर’ या जातीच्या आहेत. ट्यूमर मार्कर म्हणजे काही विशिष्ट गाठींमुळे रक्तात वाढणारे पदार्थ, बहुधा प्रथिने. अडचण अशी की हीच प्रथिने निरोगी पेशीही थोडीथोडी तयार करतात, कुठे सूज किंवा संसर्ग असला की ती जास्त तयार होतात, आणि गाठ लहान असते तेव्हा तिच्याकडून येणारा वाटा इतका किरकोळ असतो की या नेहमीच्या चढउतारात तो दिसतच नाही. म्हणून या चाचण्यांचा खरा उपयोग ज्याचे निदान आधीच झाले आहे अशा माणसाला होतो. शस्त्रक्रियेनंतर आकडा खाली आला का, केमोथेरपी लागू पडते आहे का, बरा झालेला रोग पुन्हा डोके वर काढतो आहे का, हे पाहण्यासाठी कर्करोगतज्ज्ञ त्या नेहमी वापरतात. कसलीही तक्रार नसलेल्या माणसात रोग हुडकण्यासाठी त्या, एखाददुसरा अपवाद सोडला, तर बनलेल्याच नाहीत.

यातली सर्वांत जास्त पारखली गेलेली चाचणी सीए १२५ ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित हे प्रथिन १९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. रक्तातील प्रमाण ३५ च्या आत असले की ते सामान्य समजतात. ते कर्करोगात वाढते हे खरे. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजारात), गर्भाशयातल्या साध्या, कर्करोग नसलेल्या फायब्रॉइडच्या गाठींमुळे आणि यकृताच्या आजारातही वाढते. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांची नोंदणी करून, त्यांतल्या एका गटाची दरवर्षी सीए १२५ आणि गरज पडल्यास सोनोग्राफी अशी तपासणी करण्यात आली. २०२१ मध्ये त्याचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात काही कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडले, पण अंडाशयाच्या कर्करोगाने मरण पावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी झाले नाही. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले होते आणि ते जास्त बोचरे होते. तिथेही मृत्यू घटले नाहीत. उलट कर्करोग नसताना केवळ चाचणी संशयास्पद आली म्हणून हजाराहून अधिक स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. लवकर सापडणे म्हणजे वाचणे, हे समीकरण आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की ते प्रत्येक रोगाबाबत वेगळे तपासून पाहावे लागते, हेच आपण विसरतो.

बाकीच्यांचे भराभर सांगते. मोठ्या आतड्यासाठी ठेवलेली सीईए १९६५ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. ती केवळ विडी-सिगारेटच्या सवयीमुळेही वाढते आणि आतड्याच्या सुरुवातीच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढत नाही. स्वादुपिंडासाठीची सीए १९-९ पित्ताशयातले खडे, कावीळ आणि स्वादुपिंडाची सूज यांत वाढते; शिवाय साधारण पाच ते दहा टक्के लोकांच्या रक्तगटाची ठेवणच अशी असते की त्यांच्या शरीरात हा पदार्थ तयार होत नाही, त्यामुळे त्यांना तो कर्करोग झाला तरी अहवाल निर्दोष दिसू शकतो. यकृतासाठीची एएफपी हिपॅटायटिस बीचे जुने रुग्ण किंवा सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) झालेले लोक यांच्यात सोनोग्राफीच्या जोडीने कामाची आहे, सरसकट नाही. स्तनांसाठीची सीए १५-३ ही स्तनाचा कर्करोग शोधण्याची चाचणी नव्हेच. पसरलेल्या रोगावर उपचार चालू असताना त्या रोगाची चाल पाहण्यासाठी ती असते. पुरुषांसाठीची पीएसए हा वर म्हटलेला अपवाद, पण तीही साधारण ५५ ते ६९ या वयात, फायदे-तोटे डॉक्टरांशी नीट बोलून मगच करावी असा सल्ला दिला जातो, कारण वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमुळेही आकडा चढतो आणि कधी त्रास दिलाच नसता असा रोग सापडून त्याच्या उपचारांचाच त्रास माथी येऊ शकतो.

अशा पाच-सहा चाचण्या एकत्र बांधल्या की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती साध्या गणिताची आहे. प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पंचाण्णव तिच्या आत बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसे आपोआप मर्यादेबाहेर पडतात. समजा, सहाही चाचण्यांना हा नियम लावला आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर पूर्णपणे निरोगी माणसाचीही एखादी तरी चाचणी बिघडलेली येण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात काही मार्करांची मर्यादा याहून सैल असते, त्यामुळे आकडा कमी भरेल. तरी दिशा तीच. चाचण्यांची संख्या वाढवली की सुरक्षितता वाढते असे ग्राहकाला वाटते, आणि वाढते ती बहुधा अहवालात मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे छापलेल्या लाल बाणांची संख्या.

आमच्या घरी तो लाल बाण माझ्या वाट्याला आला. सीए १९-९ ची मर्यादा ३७ आणि माझा आकडा ४४. अहवालापाठोपाठ लॅबच्या ‘हेल्थ काउन्सेलर’चा फोन आला. मुलगी गोड बोलणारी होती. “मॅडम, घाबरण्यासारखं काही नाही, पण स्वादुपिंडाचा मार्कर आहे, रिस्क कशाला घ्यायची,” असे म्हणून तिने एका स्कॅन सेंटरमधल्या पेट-सीटी या शरीरभराच्या स्कॅनवर आठवडाभर चालणारी सवलत सांगितली. आमचे नेहमीचे डॉक्टर अहवाल पाहून म्हणाले, “ताई, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत हे आपल्याला आधीपासून माहीत आहे ना? मग हा आकडा पाहून मला काय नवीन कळलं?” त्यांनी पोटाची साधी सोनोग्राफी करून घेतली आणि विषय संपवला. खड्यांविषयीचा प्रश्न लॅबच्या अर्जात कुठेच नव्हता. पेट-सीटीत शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात, वर सीटीचा किरणोत्सर्गही असतो. कारण असेल तेव्हा तो जरूर सोसावा, पण मोसमी सवलत हे ते कारण नव्हे.

तरीही माझी मोठी तक्रार लाल बाणाविषयी नाही. लाल बाण निदान डॉक्टरांकडे तरी धाडतो. मोठी तक्रार माझ्या यजमानांच्या अहवालाविषयी आहे, जो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिरवागार होता. ते गेली बरीच वर्षे तंबाखू खातात. डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मळायचा, वरचा भुसा थापटून उडवायचा आणि चिमूट डाव्या गालाच्या आत सारायची, हा त्यांचा जेवणानंतरचा विधी आहे. लॅबच्या अर्जावर जन्मतारीख होती, वजन होते, विमा कंपनीचे नाव होते, ‘आमच्याविषयी कुठे ऐकलेत’ हा प्रश्न होता. तंबाखू खाता का, हा प्रश्न नव्हता. अहवाल पाहून ते म्हणाले, “बघ, कॅन्सरची सगळी तपासणी झाली, काही निघालं नाही.” आणि त्या दिवशी चिमूट जरा मोठी घेतली. कर्करोग प्रतिबंधाच्या नावाखाली विकलेल्या कागदाने तंबाखूला परवाना दिला. या पॅकेजाच्या वैद्यकीय उपयोगाला मी पाचपैकी एकच गुण देते त्याचे कारण हे.

आता त्या माहितीपत्रकावरच्या आकृत्यांकडे पुन्हा पाहा आणि खुणा कुठे नाहीत ते शोधा. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियों येथील कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख नवे कर्करोगी नोंदले गेले असावेत. त्यांत स्तनाचा कर्करोग सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ व तोंडाचा सुमारे १ लाख ४४ हजार आणि गर्भाशयमुखाचा सुमारे १ लाख २७ हजार. पहिल्या तीन कर्करोगांपैकी तोंड आणि गर्भाशयमुख या दोघांवर त्या आकृतीत खूणच नाही आणि स्तनांवर जी आहे ती भलत्याच चाचणीची आहे. गंमत म्हणजे या तिन्ही जागा अशा आहेत की तिथे डोळ्यांनी पाहता येते किंवा हाताने चाचपता येते. रक्त काढावेच लागत नाही. म्हणूनच बहुधा त्या पॅकेजात बसत नाहीत: घरपोच रक्त गोळा करणाऱ्या व्यवसायाला जे नळीत भरून नेता येते तेच विकता येते.

या जागांच्या कर्करोगांत कोणती तपासणी कामी येते हे शोधण्याचे काम आपल्याच राज्यात झाले आहे, आणि मी सोलापूर जिल्ह्यातली असल्याने त्यातल्या बार्शीचा उल्लेख थोड्या अभिमानाने करते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास झाला. गावांचे गट पाडून काहींत हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची (पॅप) तपासणी, काहींत व्हीआयए (अ‍ॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी) आणि काहींत नेहमीची व्यवस्था, अशी विभागणी होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की एचपीव्ही चाचणी फक्त एकदा केलेल्या गटातही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हीआयए एकदाच केलेल्या गटात तसा ठोस फरक दिसला नव्हता. पण मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने दीड लाखांच्या आसपास स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी व्हीआयए करवून घेतली तेव्हा हेच मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणीही केली जात होती; वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये असे जाहीर झाले की पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास कमी झाले, त्याहून तरुण स्त्रियांत मात्र नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांच्या तोंडाची नुसती प्रकाशात पाहणी केल्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्येच नोंदले गेले आहे.

या तपासण्या सरकारी व्यवस्थेत फुकट मिळतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटातल्या प्रत्येकाचे तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख पाच वर्षांतून एकदा तपासले जायला हवे. हे कागदावरचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. स्तन किंवा तोंडाची तपासणी झालेल्या तर एक टक्क्याच्याही आत. तेव्हा पॅकेजानंतर आम्ही दोघे एका सरकारी आरोग्य केंद्रात गेलो आणि या परीक्षणाचा उरलेला भाग त्या तुलनेचा आहे.

तिथली सेवा पॅकेजाच्या सेवेपुढे अगदीच गबाळी. केसपेपरला रांग, ज्या सिस्टर ही तपासणी करतात त्या लसीकरणात गुंतलेल्या, आडोशाचा पडदा एका बाजूने पुरता न ओढला जाणारा आणि बाहेरच्या बाकावरचे बोलणे आत स्पष्ट ऐकू येणारे. याला मी दोनच गुण देईन, आणि पडद्याचा अर्धा गुण त्यातूनही कापावासा वाटतो, कारण किती बायका त्या पडद्याकडे पाहूनच परत जात असतील, कोण जाणे. पण एकदा तपासणी सुरू झाली की चित्र पालटले. सिस्टरांनी आधी प्रत्येक पायरी सांगितली, मग स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखाला कापसाच्या बोळ्याने पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावले. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच तो वास. घड्याळ पाहून मिनिटभर थांबल्या, मग दिव्याच्या उजेडात पाहिले. तिथल्या पेशी बदलू लागल्या असतील तर त्या जागी पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटतो. नसतील तर आतली त्वचा गुलाबीच राहते. दुखले नाही, किंचित चुरचुरले. निकाल तिथेच. शिवाय डाग उमटलाच तर तो अजून कर्करोग झालेला नसण्याची शक्यता मोठी असते आणि तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. एचपीव्हीच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारण पंधरा ते वीस वर्षांचा असतो. एवढी मुदत देणारे कर्करोग फार थोडे. प्रतिबंध हा शब्द या तपासणीला शोभतो, कारण इथे रोग होण्याआधीची पायरीच काढून टाकली जाते.

यजमानांची पाळी आली तेव्हा सिस्टरांनी नाव विचारण्याआधी “तंबाखू का सुपारी?” असे विचारले. दातांवरच्या रंगावरून त्यांना कळले असणार. मग तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहिले (सुपारी आणि मावा खाणाऱ्यांचे गाल आतून ताठर होत जातात आणि तोंड उघडेनासे होते, सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे हे २००४ मध्येच लियोंच्या संस्थेने नोंदवलेले आहे). बोटे गेली. पण टॉर्च डाव्या गालावर नेली तेव्हा, नेमकी जिथे चिमूट मुरते तिथे, घासूनही न निघणारा सुरकुतलेला पांढरट चट्टा दिसला. त्यांनी तो गालफड बाजूला ओढून आरशात त्यांनाच दाखवला. दंतवैद्यांकडे लगेच चिठ्ठी दिली. दंतवैद्य म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू, चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. चट्टा पुष्कळसा ओसरला आहे आणि दर काही महिन्यांनी दाखवायला जायचे आहे. ज्या गालात हा चट्टा होता, त्याच माणसाच्या रक्ताचा अहवाल हिरवागार होता, यात लॅबची काही चूक नाही. रक्तात ते दिसतच नाही. चूक ‘संपूर्ण’ या शब्दाची आहे.

तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही नि:शुल्क दूरध्वनी सेवा आहे. गमतीचा भाग असा की हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. घरातल्या बायकांच्या मिश्रीचाही प्रश्न याच वेळी विचारला जावा, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते’ असे सांगणाऱ्या कितीतरी जणी आपल्याकडे आहेत आणि मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले, त्यांत ओढणारे थोडे आणि खाणारे-लावणारेच फार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पॅकेजात प्रतिबंधाच्या नावाने ज्याचा साधा उल्लेखही नव्हता अशा दोन लशी आहेत. हिपॅटायटिस बीची लस यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण थांबवते. ती बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत आणि पुढे नेहमीच्या लसीकरणात सरकारतर्फे देतात. दुसरी एचपीव्हीची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण हा विषाणू आहे हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस २०२३ पासून बाजारात आहे आणि या दोन्ही प्रकारांविरुद्ध काम करते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन मात्रा, त्यापुढे तीन, असे तिचे वेळापत्रक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून एका मात्रेचा पर्यायही मान्य केला आहे. लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती लहान वयात द्यायची, आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यायची. आमच्या सोसायटीत ज्यांनी पॅकेजावर पैसे घातले त्यांतल्या बऱ्याच घरांत या वयाच्या मुली आहेत. लॅबच्या प्रतिनिधीने एकाही घरात त्याविषयी विचारले नाही.

मग पॅकेज कुणीच घेऊ नये का? डॉक्टरांनी एखादा मार्कर नाव घेऊन लिहून दिला असेल तर तीच चाचणी तेवढीच करावी. तिला सेवेचा साडेचार गुणांचा नेटकेपणा खरोखर उपयोगी पडेल, विशेषतः केमोथेरपी चालू असलेल्या आणि घराबाहेर पडणे जड जाणाऱ्या रुग्णांना. आई, बहीण, मावशी यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर मार्करांच्या मागे न लागता आनुवंशिक सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि वय काहीही असो, स्तनात गाठ लागणे, तीन आठवडे न भरणारा तोंडातला व्रण, पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर होणारा रक्तस्राव, शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर ती तपासणी पॅकेजाची नव्हे, ती सरळ डॉक्टरांकडे जाण्याची बाब आहे, मग रक्ताचा अहवाल कितीही हिरवा असो.

सरकारी केंद्रात जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. व्हीआयए पाळीच्या दिवसांत करत नाहीत, तेव्हा तारीख पाहून जावे. पाळी गेलेल्या स्त्रियांत ती तितकीशी भरवशाची राहत नाही, कारण ज्या भागात बदल होतात तो आत सरकतो. त्यांनी एचपीव्ही चाचणी किंवा पॅप तपासणी कुठे होते ते विचारावे. आशाताईंना किंवा केंद्राला आदल्या दिवशी फोन करून तपासणी करणाऱ्या सिस्टर हजर आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. आधारकार्ड आणि जुने अहवाल बरोबर न्यावेत, आणि निकाल केसपेपरवर स्पष्ट शब्दांत लिहून मागावा, कारण आम्हाला आधी नुसती खूण केलेले कार्ड मिळाले होते आणि त्यावरून पाच वर्षांनी कुणाला काहीही कळले नसते.